तसबिरीची काच

त्या सकाळी वहिनींचं बोट काचेऐवजी कागदाला लागलं.

रोजचंच काम होतं. अंघोळ झाली की कोनाड्यातली देवाची तसबीर उचलायची, मऊ फडक्याने पुसायची, दिवा लावायचा, घटकाभर डोळे मिटायचे आणि मग चुलीकडे वळायचं. हात इतका सरावलेला की बघावंही लागत नसे. काचेच्या वरच्या कोपऱ्यात, देवाच्या खांद्याशेजारी, तिळाएवढा बुडबुडा होता, काच ओतताना आत अडकून राहिलेला. फडकं त्या बुडबुड्याशी पोचलं की पुसणं झालं, असा हाताचा हिशेब. आज फडकं कागदावर अडखळलं आणि बुडबुडा सापडेना. चौकट होती, चित्र होतं, मागचे खिळेही जागच्या जागी होते. काच तेवढी नव्हती.

वहिनी म्हणजे मिस्त्रींची बायको. कामावरचे सगळे गवंडी तिला वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

"आई, तसबिरीची काच बघितलीत का कुठे?" तिने सासूबाईंना विचारलं.

"मला काय विचारतेस? खायला दात तरी आहेत का मला?" सासूबाई अंथरुणातूनच म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला विचार. थंडी भरात होती तेव्हा एका संध्याकाळी तो ती तसबीर मांडीवर घेऊन बसला होता. तू पाण्याला गेलेलीस. म्हटलं, चला, वळला एकदाचा देवाकडे."

"थंडीत? आणि मला आज कळतंय?"

"थंडीभर तू नुसती चौकटच पुसत होतीस. बोटं गारठली म्हणायचीस ना?"

ते खरं होतं. थंडीभर वहिनींच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, तिने फडकं बोटांना गुंडाळून नुसतं वरवर फिरवलं होतं. देवापुढे मनातल्या मनात ओशाळून तिने तसबीर जागेवर ठेवली. मिस्त्रींच्या हातून काच फुटली असेल, सांगायला जीभ रेटली नसेल, असं तिला आधी वाटलं. पण मिस्त्री लपवाछपवी करणारा माणूस नव्हता. लोक त्यांना पाठीमागे ओळंबा म्हणत, ते काही उगाच नाही. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. एखादं काम वाकडं असेल तर मिस्त्री मालकाच्या तोंडावर सांगून मोकळे होत. त्यापायी त्यांची दोन-चार कामं हातची गेली होती.

त्यांची हत्यारांची पेटी दाराशी असे. आज ती नव्हती, पण पेटीमागच्या फळीवर काच कापायचा हिरा पडला होता. शेजारी वर्तमानपत्राची पुडी. वहिनींनी ती उलगडली. आत काचेचा मोठा तुकडा होता, एका बाजूने बोटभर रुंदीची पट्टी कापून घेतलेला. कापलेली कड सुरेख सरळ होती. बुडबुड्याचा कोपरा मात्र त्यात नव्हता. तो पट्टीबरोबर गेला होता.

तिने पुडी पुन्हा गुंडाळली. काचेची पट्टी कशाला लागते, ते तिला ठाऊक होतं.

वर डोंगरावर जुनं दगडी गाव होतं. शेकडो वर्षांपूर्वी बांधलेलं आणि मिस्त्रींच्या लहानपणी ओस पडलेलं. झरा आटला, रस्ता खालून गेला, एकेक घर खाली उतरलं. मिस्त्री वडिलांच्या खांद्यावर बसून वेशीच्या कमानीखालून बाहेर पडले, तेव्हा कमानीचा मधला दगड आपल्या डोक्याला लागेल म्हणून त्यांनी मान खाली घातली होती. ही गोष्ट ते लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात वहिनींना सांगून बसले होते आणि पुढे दरवर्षी एकदा तरी सांगत. मोठेपणी त्यांनी खाली सिमेंटची घरं बांधून पोट भरलं. मग कुणी संस्थेची माणसं आली, जुनं गाव पडू द्यायचं नाही म्हणाली, आणि दगड-चुन्याचं काम वडिलांकडून शिकलेला मिस्त्री शोधत दाराशी उभी राहिली. त्या दिवशी मिस्त्री जेवता जेवता दोनदा उठून दाराबाहेर जाऊन आले होते.

छपरं बसली, गल्लीतली फरशी सरळ झाली. वेशीच्या कमानीचा डावा खांब मिस्त्रींनी स्वतः उतरवून पुन्हा रचला, दुसऱ्या कुणाला चुन्याला हात लावू दिला नाही. त्याच खांबाच्या डोक्याशी पुढे केसासारखी भेग दिसली. संस्थेच्या इंजिनिअरबाईंनी कमानीखाली लाकडी टेकू लावून घेतले आणि भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली, दोन्ही टोकं चुन्यात पक्की. भिंत हलली तर काच तटकन तुटते. भिंत खोटं बोलते, पण काच खोटं बोलत नाही, असं बाई म्हणाल्याचं मिस्त्रींनीच घरी येऊन सांगितलं होतं. थंडी सरेपर्यंत काच शाबूत राहिली तर टेकू काढायचे. तुटली तर कमान उतरवायची. पुन्हा चढवायची की नाही ते नंतर बघू, असंही बाई म्हणाल्या होत्या. नंतर बघू म्हणजे काय, ते गवंड्याला वेगळं सांगावं लागत नाही.

त्या काचेवर रोज नजर ठेवायचं काम ओळंब्याचं होतं. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर बाई इतक्या विसंबल्या नसत्या.

आणि आज टेकू काढायचे होते. सकाळी मिस्त्री चहा तसाच ठेवून गेले होते.

वहिनींनी डबा भरला. हाती डबा असला की कुणी कशाला निघालीस म्हणून विचारत नाही. सासूबाईंनी मात्र विचारलं, "इतक्या लवकर डबा?"

"आज काम अवघड आहे."

"मग देवाला नमस्कार करून जा."

"वाटेत करते," वहिनी म्हणाली आणि चपला नीट न सरकवताच निघाली.

डोंगराची वाट ती नेहमी दोनदा थांबून चढे. आज थांबली नाही. ओठ पुटपुटत होते, पण रोजची प्रार्थना पुढे सरकेना. पहिल्याच ओळीवर अडकून ती पुन्हा पुन्हा तीच म्हणत राहिली. अर्ध्या वाटेवर वरून रेडिओ येताना दिसला. हा मिस्त्रींच्या हाताखालचा, त्यांना मालक म्हणणारा गवंडी, तोंड सुरू झालं की बंद करायचं बटण नाही, म्हणून रेडिओ.

"वहिनी, डबा आत्ताच? आमच्या मालकांना आज जेवण गोड लागणार नाही, सांगून ठेवतो. मला दोर आणायला पिटाळलंय. दोर वर पडलाय की ढीगभर, पण मालक म्हणाले, खालचाच हवा."

"टेकू निघाले का?"

"बाहेरचे दोन निघाले. मधला राहिलाय. तो मालक एकटेच काढणार. कुणाला कमानीच्या सावलीलाही उभं राहू देत नाहीत. मी म्हटलं, मालक, लग्नात तरी इतकं—"

पुढचं वहिनींनी ऐकलंच नाही. ज्याला सगळं ठीक आहे असं वाटतं, तो माणूस सोबतीच्या गड्यांना दोर आणायला खाली धाडत नाही. हे एकटेच आत राहिले होते, कारण त्यांनाच खात्री नव्हती.

वेशीपाशी सगळे अंतर राखून उभे होते. इंजिनिअरबाई पलीकडच्या बाजूला, डोक्यावर टोपी, पुढे लाल पट्टी ताणलेली. कमानीखाली मिस्त्री गुडघ्यावर बसले होते. टेकूच्या तळाशी दोन लाकडी पाचरी एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्या ठोकून सैल केल्या की टेकू उतरतो आणि भार कमानीवर येतो. मिस्त्री एक पाचर हळूहळू बाहेर ठोकत होते. ठक. मग थांबायचे, कान द्यायचे. पुन्हा ठक.

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं नाही. तिने खांबाचं डोकं बघितलं. ऊन तिरपं पडलं होतं, काचेची पट्टी लखलखत होती, आणि तिच्या एका टोकाला तिळाएवढा बुडबुडा होता. रोज ज्याला हात लागायचा तोच. त्याच्या खालून, पट्टीच्या या काठापासून त्या काठापर्यंत, एक बारीक रेघ गेली होती. सरळ, जणू हिऱ्याने ओढलेली.

"बाई, ती काच तुम्ही आज बघितलीत?" तिने लाल पट्टीपलीकडे हाक दिली.

"सकाळीच, शिडीवर चढून. अख्खी आहे. तुम्ही मागे व्हा, वहिनी."

म्हणजे बाहेरचे टेकू निघाल्यावर तुटली. आत्ता, तासाभरात. ओरडावं तर यांचा हात चुकायचा. बाईंना सांगावं तर काच कुणाची, तेही सांगावं लागणार, चारचौघांत. वहिनींनी लाल पट्टी वर उचलली आणि खालून वाकून आत गेली. मागून बाईंचा आवाज आला, "वहिनी, थांबा. मिस्त्री, त्यांना बाहेर पाठवा."

मिस्त्रींनी वर बघितलं. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"तू कशाला आलीस? जा."

"आपली काच फुटली."

"कुठली काच?"

"बुडबुड्याची."

हातोडा त्यांच्या मांडीवर टेकला. त्यांनी मान वर केली नाही. "शिडी लागली असेल."

"पहिली फुटली तेव्हाही शिडीच लागली होती का?"

वरून चिमूटभर चुना पडला, वहिनींच्या खांद्यावर. तिने तो झटकला नाही.

"आता बाहेर जाऊन काय सांगू मी त्यांना?" ते हळूच म्हणाले. "ओळंबा म्हणतात मला."

"ते मागाहून. आधी ती पाचर होती तशी आत ठोका."

"तू बाहेर हो."

"तुम्ही ठोका. मी टेकू धरते."

"टेकू तुझ्या धरण्याने राहणार आहे का?"

"मग तुमच्या एकट्याच्या बसण्याने कमान राहणार आहे का?"

मिस्त्रींनी हातोडा उचलला. बाहेर काढताना जितका हलका होता, त्याहून हलका हात लावला. पहिल्या ठोक्याला पाचर हललीच नाही. दुसऱ्याला लाकूड करकरलं, आणि वर कुठेतरी दगडाने दगडाला घासल्याचा आवाज झाला, जात्यासारखा. वहिनींनी दोन्ही तळवे टेकूला लावले होते. लाकडातून एक थरथर तिच्या कोपरापर्यंत आली. प्रार्थनेची दुसरी ओळ तिला तेव्हा आठवली. तिसऱ्या ठोक्याला पाचर सरकली. मग आणखी. टेकूने भार घेतला तसा तो तिच्या हाताखाली ताठ झाला, आणि थरथर थांबली.

"चल," मिस्त्री म्हणाले. आता त्यांनी तिचा दंड धरला होता.

बाहेर येताच बाई रागाने काही बोलणार, तोच मिस्त्री म्हणाले, "बाई, वर बघा. काच तुटली आहे."

बाईंनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. "अरे देवा. टेकू परत लावा सगळे, बाहेरून. कुणी आत जाऊ नका."

"आणि ती काच तुमची नाही," मिस्त्री म्हणाले. "माझ्या घरची आहे. तुमची थंडीतच तुटली होती."

रेडिओ दोर घेऊन आला होता. त्याने तो खांद्यावरून उतरवून तसाच हातात धरला.

"तुम्ही मला रोज सांगत होतात, ठीक आहे म्हणून," बाई म्हणाल्या.

"सांगत होतो."

"आज ही माणसं इथे उभी आहेत, मिस्त्री."

"म्हणून तर त्यांना बाजूला केलं."

"आणि स्वतः?"

बाई वहिनींकडे बघत होत्या. वहिनींच्या हातात अजून डबा होता, तो कधी परत उचलला तेही तिला आठवेना.

कमान उतरवायची ठरली. मशीन नको, हाताने उतरवू द्या, एवढंच मिस्त्रींनी मागितलं. बाईंनी ते मानलं, पण वर चढायचं रेडिओने, मिस्त्रींनी खाली उभं राहून दगड घ्यायचे. ज्याला हाताला धरून शिकवलं, त्याच्या हाताखाली मिस्त्री उभे राहिले. रेडिओ वरून "मालक, सांभाळा" म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी त्याचाच आवाज बसायचा. एकेका दगडावर खडूने आकडा पडला, आणि मिस्त्रींनी वेशीबाहेरच्या गवतावर सगळी कमान आडवी मांडली, दगडाला दगड लावून, जणू झोपली आहे.

मग डावा खांब उघडला. आतल्या चुन्यात राखाडी गोळे निघाले, लोखंडासारखे. मिस्त्रींनी एक उचलून हातात फिरवला. थंडी तोंडावर आली होती तेव्हा, चुना वेळेत आवळेल की नाही या काळजीने, त्यांनी त्यात सिमेंट कालवलं होतं. बाकीच्या गावात कुठे नाही, एवढ्या एका खांबात. लाडक्या कामाला जास्त घट्ट करायला गेले. मग पाणी आत कोंडलं, गोठलं, फुगलं आणि खांबाला बाहेर ढकलत राहिलं. त्यांनी तो गोळा बाईंच्या पुढे धरला. बाईंनी तो घेतला.

घरी सासूबाईंनी विचारलं, "काच सापडली का?"

"सापडली. फुटली होती."

"दुसरी आण म्हणावं त्याला."

मिस्त्री जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा घास थांबला. वहिनी म्हणाली, "असू दे. घाई नाही."

पुढे गवत वाढलं, आडव्या कमानीच्या फटींतून वर आलं. मिस्त्री रोज कामावर जात, इतर घरांची दारं-चौकटी बसवत, आणि येताना ते गवत उपटून येत. बाईंना ते दिसत असावं. एका सकाळी त्यांनी चुन्याचं घमेलं स्वतः मिस्त्रींच्या पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "खांबच रचू आधी. मी इथेच बसणार आहे."

नुसता चुना आणि वाळू. मिस्त्री हात धुऊन बसले. दोन थर चढले की थांबायचं, सुकू द्यायचं, बाई बोट लावून बघणार, मग पुढचा. खांब पूर्ण झाला. कमान चढवायची की नाही, ते बाई अजूनही नंतर बघू म्हणत होत्या. पण आधी खांबाला एक थंडी बघू दे, असंही म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मिस्त्री घरी आले ते बाईंना घेऊनच. दाराशीच उभं राहून म्हणाले, "अगं, फळीवरची ती पुडी दे. नव्या खांबावर लावायची पट्टी बाईंसमोर कापतो."

वहिनींनी वर्तमानपत्राची पुडी आणून दिली. मिस्त्रींनी ओसरीवर बसून हिरा ओढला आणि पट्टी तोडून बाईंच्या तळहातावर ठेवली. उरलेला तुकडा त्यांनी परत गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी तसबीर उचलली. आता पुसायला फडकं चालत नव्हतं, कागद झिजला असता. तिने ओंजळीत धरून त्यावर हलकी फुंकर घातली, आणि दिवा लावला.