अर्ध्या पगाराचे काका

सातपुरात आमच्या समोर राहणाऱ्या काकांइतका हजर माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. ऐंशी सालाच्या आसपास त्यांच्या कारखान्यात ले-ऑफ लागला. काम नव्हतं, पण रोज पाळीच्या वेळी फाटकावर हजेरी लावली की अर्धा पगार मिळे. हजेरी चुकली की त्या दिवसाचे पैसे गेले. काकांनी हा नियम अंगात भिनवून घेतला. पगार अर्धा म्हणून चहा अर्धा कप, विडी अर्धी, आणि दाढीसुद्धा एका दिवशी एकाच गालाची. काकू कपाळावर हात मारून घेत. पण त्याच पैशांवर त्यांची चूल पेटे, वाण्याचं दुकान उघडं राही, फाटकासमोरच्या चहावाल्याचा स्टोव्ह फुरफुरत असे. मी चेष्टा केली की काका शांतपणे म्हणत, "अर्ध्या पगारावर मी एकटा जगतो का? सगळी गल्ली उभी हाय त्याच्यावर."

पुढे कारखाना कायमचा बंद झाला आणि अर्धा पगारही थांबला. चहावाला आपल्या गावी, सुरगाण्याला परतला, वाण्याच्या दुकानाला कुलूप लागलं. मशिनी ट्रकांत घालून नेल्या, तेव्हा काका आमच्याबरोबर उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी पाळीच्या वेळी ते डबा घेऊन निघाले. फाटकाला साखळी, पुढे आत कमरेएवढं गवत वाढलं, तरी त्यांचं रोजचं जाणं चुकलं नाही. ते फाटकाच्या पत्र्याला कान लावून उभे राहत आणि घरी येऊन सांगत, आज लेथचा आवाज बरा नव्हता. शेवटी काकूंनी त्यांना समजवायला मला धाडलं.

"काका, मशिनी आपल्यासमोर गेल्या," मी म्हणालो.

"मशिनी गेल्या. पाळी कुठं गेली? उघडंल त्या दिवशी मी नसलो तर गैरहजेरी लागंल." मग त्यांनी माझा हात धरून फाटकावर ठेवला. पत्रा बारीक थरथरत होता. वारा नव्हता. मी हात काढून घेतला. खरं सांगतो, मला भीती वाटली.

काका गेले ते सकाळी, डबा भरून ठेवलेला असताना. काकूंनी त्यांची दाढी करवून घेतली, दोन्ही गालांची. अंत्ययात्रा फाटकावरून नेली. खांदेकरी सगळे त्यांच्याच पाळीतले. कुणी न सांगता ते तिथं थांबले. एकजण साखळीकडे बघत हळूच म्हणाला, "काका हजर आहेत."

तेव्हाच फाटकाच्या आत काहीतरी घरघरत बंद पडलं. इतके दिवस ती घरघर आम्हा सगळ्यांच्या कानात होती, हे ती थांबल्यावर कळलं. खांदेकरी पुढे चालू लागले. अजूनही पाळीच्या वेळी मी कान देऊन बसतो. काहीच ऐकू येत नाही, आणि काकांची फार आठवण येते.