सोबतीचा कुत्रा

कुत्रा आला तेव्हा आत्या गाडीत उताणी पडून छताला कापड ठोकत होती. तिच्या तोंडात सहा-सात चुका, म्हणजे बारीक खिळे, होत्या. त्यामुळे बाबांनी बाहेरून "ताई, तुझ्यासाठी एक गोष्ट आणलीय, बांधून ठेवू का?" असं विचारलं तेव्हा तिला उत्तर देता आलं नाही. आमच्या घरात बाईने उत्तर दिलं नाही की होकार धरतात.

आत्या बाहेर आली. दाराच्या कडीला दोरी होती, आणि दोरीच्या टोकाला गुडघ्याच्या वर येईल असा काळा-तपकिरी कुत्रा. तो बसला, उठला, फिरला आणि पुन्हा तिथेच बसला.

आत्याने चुका तळहातावर काढल्या. "हे काय आहे?"

"कुत्रा."

"ते दिसतंय. माझ्या दाराला का बांधलंय?"

"सोबतीला."

"कुणाच्या?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुकांचा डबा उचलून आत गेले. पण गाडीला दार एकच आणि ते उघडं, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

आत्याचा धंदा गाड्यांच्या सीटा शिवण्याचा. चाळीस वर्षं तिने बसच्या, टेम्पोच्या, दातांच्या डॉक्टरच्या, न्हाव्याच्या, मिळेल त्या बुडाखालच्या सीटा शिवल्या. अख्खी गल्ली तिला सीटवाली म्हणते. पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा. पडद्यामागे आधी सहा वर्षं तिच्या सासूबाई पडून होत्या. त्या गेल्या आणि वर्षभरात आतोबांना पक्षाघात झाला. ते नऊ वर्षं. उशाशी पितळेची घंटी असायची. ती वाजली की इकडे मशीन थांबायचं. रेक्झिनची शिलाई मधेच थांबली तर पुन्हा सुरू करताना दोन टाके आधीच्या टाक्यांवर घ्यावे लागतात, नाहीतर उसवते. आत्या मला म्हणायची, "माझ्या कुठल्याही सीटवर हात फिरव. जिथे टाके दुहेरी लागतील तिथे मी उठले होते असं समज." मी फिरवून पाहिलाय. एका सीटवर अकरा ठिकाणी लागले.

आतोबांना जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा जवळच्या शाळेने जुनी मिनीबस मोडीत काढली. तिच्या अठरा सीटा आत्याने तीनदा शिवल्या होत्या. तिने ती गाडी घेतली आणि पुढच्या दोन ठेवून स्वतःच्याच सोळा सीटा स्वतःच्या हाताने उखडून काढल्या. पलंग केला, ओटा केला, पाण्याची टाकी बसवली, मागे एवढीशी मोरी केली. टेम्पोतून सीटा पोचवायला म्हणून काढलेलं लायसन तिच्याकडे होतंच. किनाऱ्याकिनाऱ्याने वर जायचं, चार महिने लागोत की सहा. वय एकसष्ट, एकटी.

यावर तिला कुणी "जाऊ नको" म्हणालं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं, ती भांडून मोकळी झाली असती. सगळे म्हणाले "जा की", आणि मग म्हणाले "पण".

तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, परगावाहून फोनवर म्हणाला, "आई, मला आनंदच आहे गं. पण निदान एक कुत्रा तरी ने. तरच मला झोप लागेल."

"मग जागा राहा," आत्या म्हणाली.

समोरचा औषधवाला म्हणाला, कुत्रा असला की बरं असतं. गाडीचं इंजिन ज्याने उघडून लावलं तो मेकॅनिक म्हणाला, बाई, इंजिनाची काळजीच सोडा, फक्त एक कुत्रा बघा. माझी आई म्हणाली. मीसुद्धा म्हणाले. उगाच सोवळेपणा नको म्हणून लिहून ठेवते.

आणि बाबांनी तर आणलाच. बाबा अठ्ठावीस वर्षं एका मोठ्या गोदामावर रखवालदारांचे सुपरवायझर आहेत. त्यांना जगात दोनच वस्तू दिसतात, एक दार आणि त्या दारावर उभा राहणारा कुणीतरी.

"याचं नाव हवालदार," बाबा बाहेर सांगत होते.

"कुणी ठेवलं?"

"मीच."

"वाटलंच. मला विचारलं होतंस?"

"विचारलं की तू नाही म्हणतेस."

"म्हणजे उत्तर ठाऊक होतं."

"ताई, ऐकून तर घे. गोदामात कॅमेरे बसवले. तीन माणसं कमी केली आणि हा एक. तू नाही घेतलास तर हा जाणार कुठे?"

"अस्सं. म्हणजे मला सोबत हवी म्हणून नाही, याला जागा हवी म्हणून."

"एका दगडात दोन पक्षी."

"आणि दगड मी."

कुत्र्याने एवढ्यात आत्याच्या चपलेवर हनुवटी टेकवली. हे त्याने मुद्दाम केलं नसणार, पण बाबांच्या चेहऱ्यावर असे भाव आले की जणू त्यांनीच शिकवलं होतं.

आत्याने तळहातावरच्या चुका मुठीत धरल्या. मग म्हणाली, "दोन दिवस. शनिवारी निघते, तळ्यापर्यंत जाते, रविवारी परत. मग काय ते मी सांगेन. आणि मी सांगितल्यावर कुणी 'पण' म्हणायचं नाही." मला हाक मारली. "तू चल. साक्षीदार हवा. मात्र कुत्र्याचं काहीएक करायचं नाहीस. मी एकटी जाईन तेव्हा तू नसणार आहेस."

तिने संध्याकाळी बसून त्याच्यासाठी गादी शिवली. दोन इंची फोम, धुता येईल असं रेक्झिन, कडेला पाइपिंगसुद्धा. मी म्हटलं, "परतच करायचा तर इतकं कशाला?"

"कोण म्हणालं परत करायचा? पारखायचं तर नीट पारखावं."

शनिवारी पहिल्या तासातच हवालदार त्या गादीवर ओकला. आत्याने गाडी कडेला घेतली, पुसलं, त्याला पाणी पाजलं. "त्याची काय चूक. आयुष्यभर गोदामात बसलेला प्राणी." मग दर दीड तासाला थांबा. त्याला उतरवा, हिंडवा, चढवा. तो चढायचा नाही. पुढचे दोन पाय वर ठेवायचा आणि मागे वळून आत्याकडे बघायचा, म्हणजे मागचे तिने उचलावेत. पस्तीस किलो. तिने उचलले.

वाटेत एका गावात जुन्या शिलाई मशीनांचं संग्रहालय होतं. आत्याने ते कधीपासून हेरून ठेवलेलं. दारावर पाटी, प्राण्यांना आत सोडत नाही. ऊन डोक्यावर. बंद गाडीत पत्रा असा तापलेला की हात लावला तर चटका बसावा.

"तू जा, मी थांबते याच्यापाशी," मी म्हणाले.

"मी एकटी असते तर कोण थांबलं असतं?"

"पण आत्ता मी आहे ना, आत्या."

"मग हा कसला प्रयोग? उद्या निकाल सांगताना खोटं बोलू?"

तिने तिकिटाच्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं. तिथून पायाने चालणारं एक मशीन दिसत होतं, तेही अर्धं. आम्ही सावलीला गाडीच्या पायरीवर बसून डबा खाल्ला. हवालदाराने माझ्या डब्यातलं अर्धं खाल्लं. मला इतका राग आला होता, आणि तो काढायला समोर कुत्र्याशिवाय कुणी नव्हतं. त्याच्यावर काढावा तर तो शेपूट हलवत होता.

तळ्याकाठी गाड्या लावायचं मैदान होतं. तिथल्या मॅनेजरने वहीत नाव लिहिताना विचारलं, "एकट्याच का?" मी शेजारीच उभी होते. मग त्याने गाडीत पाहिलं. "कुत्रा आहे वाटतं. मग ठीक."

न्हाणीघर लांब, तिकडे कुत्र्याला मनाई. आत्याने त्याला बाहेर खांबाला बांधलं. पाच मिनिटांत तो असा केकाटायला लागला की न्हाणीघरातल्या बाया एकेक करून दारातून बघायला लागल्या. आत्या डोक्याला साबण तसाच ठेवून बाहेर आली. ती दिसताच तो शहाण्यासारखा गप्प बसला.

"दोन वर्षांनी," ती टॉवेलने कान पुसत म्हणाली, "दोन वर्षांनी पुन्हा मी अर्धी आंघोळ टाकून बाहेर आलेय."

शेजारी एक लहानशी व्हॅन उभी होती. बाहेर घडीच्या खुर्चीत एक गृहस्थ दाढी करत बसले होते, आत्याच्याच वयाचे. भूमिती शिकवायचे, आता निवृत्त. राखणीला आणलेला आमचा हवालदार दोरी ओढत त्यांच्याकडे गेला आणि त्या पूर्ण परक्या माणसाच्या मांडीवर डोकं ठेवून उभा राहिला.

"गुणी आहे," मास्तर म्हणाले.

"फारच," आत्या म्हणाली. "तुम्ही एकटेच?"

"एकटाच. सातवा महिना."

"कुत्रा नाही ठेवलात?"

"छे. उगाच बांधून घ्यायचं. कुठे जाता येत नाही, कुठे थांबता येत नाही."

"घरचे म्हणाले नाहीत, कुत्रा न्या म्हणून?"

"मला?" मास्तरांचा वस्तरा हवेतच राहिला. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "कशाला? मुलगी म्हणाली, बाबा, मोजे जास्त न्या."

"मोजे," आत्या म्हणाली.

"हो, पाय गार पडतात माझे."

आत्या परत आली, पायरीवर बसली आणि समोर तळ्याकडे बघत पुन्हा एकदा म्हणाली, "मोजे."

नाटकात अशा ठिकाणी विराम घेतात. आत्याने घेतला नाही. ती बोलायला लागली, आणि सगळं हवालदाराचं पोट खाजवता खाजवता.

"त्याला मोजे आणि मला राखणदार. तोही असला, की ज्याचे मागचे पाय मी उचलायचे. कोण कुणाला राखतंय ते सांग मला."

"आवडला नाही का तुला?"

"आवडला ना. तीच तर पंचाईत. सासूबाईसुद्धा आवडायच्या मला. कुणाला खरं वाटत नाही, पण आवडायच्या. तुझ्या आतोबांचं तर विचारूच नको. ज्यांचं ज्यांचं केलं ते सगळे आवडीचेच होते. नावडत्याचं कुणी पंधरा वर्षं करत नाही, पळून जातं. हा तरी काय वेगळा? पाणी मागतो, सावली मागतो, वेळेवर बाहेर न्या म्हणतो. सगळं रास्त आहे त्याचं. पण मला आता थोडे दिवस कुणाचं रास्त मागणंसुद्धा ऐकायचं नाही. इतकं सांगितलं तर लोकांना वाटतं, म्हातारी निष्ठुर झाली."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. दाराची कडी बघितलीस? दोन बोटं जाड आहे. भीती वाटली म्हणूनच बसवली. भीती वाटते म्हणून कुत्रा न्यायचा, मग कुत्र्याचे हाल होतात म्हणून अर्ध्यातून घरी यायचं. हे कुणाचं शहाणपण? तुझ्या बापाचं."

रविवारी दुपारी गाडी आमच्या घरासमोर लागली. दादा फोनवर होताच, आईने तो फळीवर डब्याला टेकवून उभा केला होता. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, हजेरी घ्यायला बसल्यासारखे.

"मी एकटी जाणार," आत्या म्हणाली. "कुत्रा नाही."

"पण..." बाबा म्हणाले.

"काय ठरलं होतं?"

"ताई, उद्या तुला काही झालं तर लोक मला विचारतील. भाऊ असून एकटी सोडलीस, म्हणतील."

"आता बोललास खरं. इतके दिवस मला वाटत होतं, तुम्हाला मला जपायचंय. तुम्हाला लोकांना सांगायला एक वाक्य हवं होतं, 'कुत्रा दिला होता.'"

"आई, असं नाही गं," फळीवरून दादा म्हणाला.

"तू झोप."

बाबांचा चेहरा उतरला. ते वाईट नाहीत. ताईच्या दुकानाचं शटर पंधरा वर्षं रोज येऊन त्यांनीच लावलंय. ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला खरंच काळजी वाटते."

"वाटू दे. माझी काळजी तुला वाटते ना, मग ती तू कर, तुझ्या घरी बसून. तिला चार पाय लावून माझ्या गाडीत का चढवतोस? माझा नकार कुत्र्याला नाहीच. त्याला तोंड आहे, पोट आहे, तो कुणाचा तरी असायला हवा. तू त्याला आणलास, तो तुझा."

तिने दोरी बाबांच्या हातात दिली आणि धुतलेली गादी आमच्या सोफ्याशेजारी ठेवली. "सकाळी सहाला बाहेर न्यायचं. मग बाराला, चारला, आणि झोपण्याआधी एकदा."

बाबांनी दोरीकडे पाहिलं. "रोज?"

आई आतून म्हणाली, "ताईंच्या गळ्यात बांधत होतात तेव्हा नाही वाटलं, रोज?"

मंगळवारी सकाळी आत्या निघाली. गल्ली दारात आली होती. औषधवाल्याने गोळ्या-मलमांची पिशवी दिली, मेकॅनिकने शेवटचं एकदा हवा तपासली. कुत्र्याचं कुणी बोललं नाही, पण मनातून गेलं असेल असं मला वाटत नाही. बाबा हवालदाराला घेऊन कोपऱ्यापर्यंत गाडीबरोबर चालत आले.

"पोचलीस की फोन कर," ते खिडकीपाशी म्हणाले.

"कुठे पोचले की?"

तेवढ्यात दोरीला हिसका बसला आणि बाबा कुत्र्यामागे चार पावलं ओढले गेले. आत्याने त्यांना दोरी सावरेपर्यंत वेळ दिला. मग गिअर टाकला.