डोक्याचा फोटो काढायला उमरेडहून नागपूर

डोक्याच्या आतला फोटो काढणारी मशीन नागपुरात नवीनच आली, त्यासाठी आता मुंबई गाठायचं काम नाही, असं ऐकलं आणि मी बुढ्याला घेऊन निघाले. बुढा म्हणजे माझा नवरा. जन्मभर हातमागावर बसला. वर्षभरापासून घरची माणसं ओळखेनासा झाला. म्हटलं, आत कुठं धागा तुटला असेल तर दिसेल, जोडतील.

उमरेडहून सकाळची एसटी धरा. उजवीकडे बसू नका, ऊन तोंडावर येतं. भाकर-झुणका घरूनच न्या. स्टँडवरचे तर्री-पोहे झकास, पण म्हाताऱ्या पोटाला जाळ. बसमध्ये बुढ्यानं माझ्या हातची भाकर नीट खाल्ली. तेवढ्यावर मला आस लागली.

दवाखान्यापर्यंत सायकलरिक्षा करा, भाव आधी ठरवा. मशीन म्हणजे मोठ्ठं चाक. मधल्या भोकात माणूस सरकवतात. दुखत नाही.

नंतर डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "आजोबा, यांचं नाव सांगा."

बुढा खाली पाहून हसला. डॉक्टर मान हलवत लिहायला लागले.

मी उसळले. "काय लिहून राहिले, सायेब? आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्न झाल्यापासून एकदाबी घेतलं नाही त्यानं!"

डॉक्टर ओशाळले. मी जिंकल्यासारखी पदर सावरून बसले.

"बरं, या तुमच्या कोण?"

"बसमधल्या बाई हायेत," बुढा म्हणाला. "भल्या हायेत. भाकर देल्ली मले."

हातमागाचं ऐकून डॉक्टरांनी त्याच्या हाती सुताचे दोन तुकडे दिले. बुढ्यानं न बघता गाठ मारली, मागावर मारायचा तशी पक्की. डॉक्टर म्हणाले, आता नवीन कळलंय, हातांची आठवण डोक्यात एका जागी राहते, माणसांची दुसऱ्या. यांची माणसांची जागा वाळत चालली आहे.

"मंग जोडा ना."

"जोडता येत नाही, आजी."

"मंग फोटो काहून काढता?"

त्यांनी फोटो पाकिटात घालून माझ्या हाती दिला.

नागपूरला जाऊन संत्री न घेता परतणारी मी पहिलीच असेन. फोटो घरी फळीवर ठेवलाय. शेजारपाजारचे बघून जातात. अक्रोडाच्या गरासारखं दिसतं काहीतरी, काळंपांढरं.

परतलो त्या संध्याकाळी मी चूल पेटवली, तर बुढा दारात येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "बाई, आता तुमी जा. आमची घरवाली येईल. लई कडक हाय. तिले खपणार नाही."

तेवढं बरोबर सांगितलं त्यानं. मी भाकर थापायला घेतली.