पायाळूचा नारळ

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, आणि आमच्याकडे तेवढ्यावरून ठरतं की या पोराला जमिनीखालचं पाणी कळणार. मुक्ताईनगरकडच्या आमच्या केळीच्या पट्ट्यात कुणाला विहीर खणायची असली की मला शाळेतून बोलावून न्यायचे. उघड्या तळव्यावर नारळ आडवा ठेवायचा आणि शेतातून हळूहळू चालायचं. जिथे तो उभा राहील तिथे खुंटी ठोकायची. नारळ उभा राहायचा. मी काही करत नव्हतो, हे मी तेव्हा कुणाचीही शपथ घेऊन सांगितलं असतं. पाणीही लागायचं.

हे मी आजवर माझ्या मुलांना धड सांगितलेलं नाही. सांगायला गेलं की अक्काची विहीर मध्ये येते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला साक्रीकडे दिलेली. तिकडची जमीन खडकाळ, सगळी पावसावरची. तिचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, मोठ्या हौसेने मला घेऊन गेले. मी दहावीत असेन. नारळ उभा राहिला तिथे आबांनी सुरुंग लावून खडक फोडला, पुढचा उन्हाळा येईपर्यंत फोडत राहिले. विहीर कोरडी निघाली. पण मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. मुहूर्त चुकला, अजून खाली जायला हवं होतं, नारळाला वाटेत कुणीतरी शिवलं असेल, असं काय काय निघालं. मला सोडून सगळ्यांवर खापर फुटलं. अक्का शेजारच्या मळ्यातून डोक्यावर हंडे आणत राहिली. दिवाळीला ती माहेरी आली की मान चोळत बसायची, आणि मी उठून बाहेर जायचो.

पुढे जळगावच्या कॉलेजात मानसशास्त्र घेतलं. सोपं असतं असं कुणीतरी म्हणालं होतं, एवढंच. एकदा सर या शास्त्राचा इतिहास सांगत होते. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेत लोक टेबलावर हात ठेवून बसायचे आणि टेबल आपोआप फिरायचं. आत्मे फिरवतात, असा समज. एका शास्त्रज्ञाने हातांखाली असं साधं साधन ठेवलं की आधी काय हलतं ते दिसावं, टेबल की हात. आधी हात हलत होते.

"बसलेली माणसं लबाड नव्हती बरं का," सर म्हणाले. "त्यांना खरंच पत्ता नव्हता. मनाने धरलेलं असतं ते हात परस्पर करून टाकतात."

मागच्या बाकावर मी तळवा उघडला आणि पटकन मिटला.

मग एकेक गोष्ट सुचत गेली. आमच्या केळीच्या पट्ट्यात तेव्हा कुठेही खणलं तरी पाणी लागायचं. नारळ जिथे आडवाच राहिला तिथे खणून कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

त्याच सुमारास साक्रीहून निरोप आला. आबा बैलजोडी विकून दुसरी विहीर खणणार आहेत, भाऊला पाठवा. मी गेलो. नाही म्हणायला गेलो होतो, पण आबा नवा नारळ घेऊन दारातच उभे होते. तो हातात घेऊन म्हणालो, "आबा, आधी एक करून बघू. मग तुम्ही म्हणाल तसं."

बांधापलीकडे शेजाऱ्याची भरलेली विहीर होती, दगडी कठड्याची. मी उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे चालत गेलो. कठड्याशी नारळ ताठ उभा राहिला. जमलेली मंडळी खूश. मग अक्काला म्हटलं, डोळे बांध, मला गरगर फिरव आणि शेतभर ने, पण तोंडातून शब्द काढू नकोस. तिने माझा दंड धरला. बराच वेळ चाललो. एके ठिकाणी नारळ उभा राहिला आणि मी थांबलो.

अक्काने फडकं सोडलं. मी खळ्याच्या मधोमध उभा होतो.

"विहिरीला घासून आणलं तुला," ती म्हणाली, "तिथे झोपलेला तुझा नारळ. आता खळ्यात खणायची का रे भाऊ?"

लोक हसले. आबा हसले नाहीत. "दे तो नारय इकडे," म्हणाले. स्वतःच्या तळव्यावर ठेवून ते शेजाऱ्याच्या विहिरीकडे चालत गेले. कठड्याशी नारळ उभा. माझ्यासारखाच, ताठ.

"आबा, तुम्ही कधीपासून पायाळू?" अक्का पदराआडून म्हणाली.

"मी कोठे पायाळू शे?" आबा नारळाकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "मना बी डोया बांध."

या वेळी अक्काने त्यांना फिरवून त्याच कठड्याशी आणून उभं केलं. नारळ हललासुद्धा नाही. फडकं सुटल्यावर आबांनी समोरचं पाणी पाहिलं, हातातला आडवा नारळ पाहिला, आणि मग असे हसले की त्यांना कठडा धरावा लागला.

मी तेव्हाच बोललो. "आबा, पहिली विहीर माझ्यामुळे कोरडी गेली."

"पोर व्हता तू," आबा स्वतःच्या छातीवर हात ठेवत म्हणाले. "तपासानं काम मनं व्हतं."

बैलजोडी विकली गेली नाही. आपल्या पाण्याच्या आशेवर आबा शेजाऱ्याकडे कधी शब्द टाकत नव्हते, तो त्यांनी त्याच संध्याकाळी टाकला. नांगरटीला बैल द्यायचे आणि विहिरीतून पाइप घ्यायचा, असं ठरलं. नारळ अक्काने कठड्यावर फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. पाणी शोधायच्या नारळातलं खोबरं मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून मोठ्याने गात होतो. कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं, तरी थांबलो नाही.

त्या दिवाळीला अक्का आली आणि ओसरीवर बसली. मी उठून बाहेर गेलो नाही.

"पाणी दारात येतंय," ती म्हणाली, आणि मान इकडेतिकडे वळवून दाखवली.