नारळ फोडलेली जागा

ज्या दिवशी गेले त्या दिवशी कौतिकनाना पहाटपासून आंगनात घिरट्या घालत व्हते. चहा दिला तं उभ्यानंच अर्धा प्याले, कप ओट्यावर ठेवला अन् परत खुंटीपाशी.

एक्यान्नवचा उन्हाळा. खुंटी आदल्या दिवशीच ठोकलेली, घरची नवी इहीर कुठं खंदायची त्याची खून. नाना फैजपूरच्या बाजाराले गेलते अन् इकडं पानी पाहनारा उखर्डू येऊन गेला. तळहातावर नारळ आडवा ठेवून आंगनभर फिरला. सैपाकघराच्या दाराशी नारळ उभा राह्यला. नानाची बायको सुगंधाबाई हरखली. गावच्या इहिरीवरून हंडे आनून तिचे गुडघे गेलेले. तिनं कुंकू वाह्यलं, तिथंच नारळ फोडला, गल्लीत वाटला बी.

नाना आले अन् कपाळाले हात लावला. त्या जागेच्या लगेच वर, चढाले, संडासाचा खड्डा. नवी सून आली म्हनून नानानंच खंदलेला.

"पावसाळ्यात तो खड्डा तोंडापर्यंत भरते. पाझरून जाईन कुठं? उताराले तं तुही इहीर. उद्या नातवाले तेच पाजशीन का वं?"

"मंग मले आधी सांगायचं व्हतं. आता नारय फुटला. फुटल्या नारयाची जागा बदलली तं जमीन कोपते."

"जमीन नही कोपत. पोटं कोपतात."

नानानं रातभर कूस बदलली. सकाळी उखर्डूले गाठलं. तो बिडी पेटवत म्हने, "नाना, माह्या हातातला नारय पानी दाखवते. तुमचा संडास त्याले काय ठाव?"

मंग काही नानाले चैन पडंना. आंगनातल्या निंबाच्या पल्याड, खड्ड्याच्याही वरल्या कोपऱ्यात जाऊन उभे राहात. तिथून सैपाकघराकडं पाहात. इथं इहीर खंदली तं लांब पडते. परत खुंटीपाशी. परत वर. दुपारी काय मनात आलं, हंडा उचलला अन् सरळ गावच्या इहिरीवर गेले. बाया तोंडाले पदर लावून हसल्या.

भिकुबाई म्हने, "नाना, सुगंधाबाईनं काढून देलं का घरातून?"

"नही वं. किती जड असते ते पाहून राह्यलो."

हंडा दाराबाहेर उतरवला. "वरल्या कोपऱ्यातून आनाले इतकं नही लागत," असं सुगंधाबाईले म्हनत म्हनत छाती धरून निंबाखाली बसले. ते उठलेच नही.

मयताच्या रिवाजापरमाने घरातलं भरलेलं पानी सगळं फेकलं. दाराबाहेरचा हंडा तेवढा राह्यला.

तिसऱ्या दिवशी मानसं राख सावडून आली. सुगंधाबाई उठली, खुंटी हलवून हलवून उपटली, निंबाच्या पल्याड नेली अन् दगडानं ठोकाले लागली.

सून धावली. "आत्याबाई, सुतक आहे! नारय नही फोडता येत."

"नारय कोन फोडते?"

तिनं नानाच्या हंड्यातलं तांब्याभर पानी आनून खुंटीवर टाकलं. मंग रिकामा तांब्या घेऊन, लांब किती पडते ते पाहात, सैपाकघराकडं निघाली. मधी एकडाव निंबाखाली बसली.