मीटरवरचा खडू

आधीच सांगतो — माझा भुताखेतांवर कधीच विश्वास नव्हता. लाइट बिलावरही नव्हता, पण ती गोष्ट वेगळी. हसायचं तर हसा, फक्त शेवटपर्यंत वाचा.

भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून आमची चार मजली बिल्डिंग. तळमजल्यावर पिठाची गिरणी, तिच्या बाजूला मीटर रूम. तिसऱ्या मजल्यावर शिगवण काकी एकट्याच राहतात. काका गेल्या शिमग्यात गेले. त्यांना एकच नाद — खडू घेऊन मीटर रूममध्ये जायचं आणि प्रत्येक मीटरच्या वर तो कुणाचा ते लिहायचं. खाली दोन रेघा, सही केल्यासारख्या. पुसलं गेलं की पुन्हा लिहायचं. आम्ही हसायचो.

दिवाळीत मीटर रूमला निळा ऑइलपेंट लागला, काकांची अक्षरं त्याखाली गेली. मग नवे मीटर बसले आणि काकींना लागोपाठ दोन बिलं आली... एक पंखा, दोन ट्यूब आणि बिल असं, की घरात बर्फाचा कारखाना असावा! काकींनी ऑफिसात तीन चकरा मारल्या. उत्तर एकच — "भरा, नाहीतर सोमवारी कनेक्शन कट."

शुक्रवारी मी काकींबरोबर गेलो. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "मावशी, बिल पे मीटर का फोटो है ना? फोटो झूठ बोलता है क्या?"

"मग मोठा करून दाखवा की!" मी म्हणालो. निव्वळ अडून बसायचं म्हणून हं. पुरावा-बिरावा काही नव्हता माझ्याकडे.

साहेबांनी ऐटीत फोटो स्क्रीनवर उघडला, झूम केला... आणि स्क्रीनजवळ नाक नेलं.

नवा मीटर. मागे निळा रंग. आणि वर पांढऱ्या खडूने, ठळक — "गिरणी". खाली दोन रेघा.

"ये किसने लिखा?"

काकी चष्मा सावरत पुढे वाकल्या. "आमच्या ह्यांनी," म्हणाल्या. इतक्या सहज, जणू काका बाहेर रिक्षात बसलेत.

मी बाहेर डोकावूनही पाहिलं. पण अशी संधी सोडणारा मी नव्हे! आवाज चढवला — "साहेब, फोटो झूठ बोलता है क्या?" अख्खी रांग हसली.

तासाभरात लाइनमन आमच्याकडे हजर. त्याने काकींच्या नावाचा मीटर बंद केला — आणि गिरणी घर्रर्र करत थांबली! आतून शेठ ओरडले, "अरे, लाइट किसने बंद की? आधा बाजरा अंदर है!" वर काकींचा पंखा मात्र मजेत फिरत होता. नवे मीटर बसवताना वायरी उलटसुलट जोडल्या होत्या. बिल दुरुस्त, कनेक्शन शाबूत! काकींनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना पेढे वाटले. लाइनमनला दोन.

पण... मी मीटर रूममध्ये शिरलो, तेव्हा त्या मीटरच्या वर काहीच नव्हतं. कोरा निळा रंग. बोट फिरवून पाहिलं, खडूची भुकटीसुद्धा नाही. रीडिंग घेणारा म्हणतो, त्याने काही पाहिलंच नाही. आणि काका तर रंग आणि मीटर, दोन्हीच्या आधी गेलेले! कोणी, कधी लिहिलं... मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

काकींना नवल नाही, रागच आहे. "एवढं कळत होतं, तर पहिल्याच बिलाला लिहायचं ना! उगाच तीन चकरा मारायला लावल्या मला."

मी आपली मीटर रूममध्ये खडूची एक पेटी ठेवलीय. ठेवण्याआधी काकींनी उघडून तपासली.

"रंगीत नाहीत ना? त्यांना पांढराच लागायचा."