डाव्या हाताचा डोंगा

आमच्या गोठ्यात बैलांची गव्हाण होती ना, ती म्हणजे अर्धा डोंगा, नदी उतरायची लाकडी होडी. एका बाजूला निमुळतं तोंड, दुसरी बाजू करवतीनं कापलेली, तिथं फळी ठोकलेली. बाहेरगावचे पाहुणे बघून हसायचे. आम्हाला हसू येत नव्हतं. तो कापला तेव्हा मी तिथंच उभी होते.

पैनगंगेच्या अलीकडं आमचं गाव, पलीकडं मायचं माहेर. माणसं नदीपार उतरवायचं काम आमच्या घरी. एकाच खोडातून कोरलेला डोंगा, सुगीला उतराईची म्हणून घरोघरची जवारी यायची ती त्याच्यावरच. बाबा म्हणायचे, डोंगा माया बापानं केला. माय म्हणायची, नाही, माया बापानं कोरला न् माया लग्नात दिला. इतकं म्हटलं की मार बसायचा. तरी म्हणायची हो! माझी माय तशीच.

ते मामाच्या कानावर गेलं. एका बाजाराच्या दिवशी तो आला आणि सरळ पाण्यात उतरून डोंग्याचा दोर सोडू लागला.

"बहिणीले गुरावानी मारतं न् तिच्याच बापाच्या डोंग्यावर पोट भरतं? सरक!"

"तुया बापानं केला?" बाबा म्हणाले, "त्याले खाट तरी ठोकता येत होती का बे?"

मामानं वल्हं उचलून बाबांच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला काठावर ऐकू आला. बाबांनी दगडानं मामाचं कपाळ फोडलं. माय मध्ये पडली. "आग लागो तुमच्या भांडणाले! पण डोंगा माया बापाचाच हाय, मी कोरताना पायला हाय!" तेच वल्हं बाबांनी तिच्या कानावर मारलं. कानातून रक्त आलं. त्या कानानं पुन्हा तिला ऐकू आलं नाही.

आरडाओरडा ऐकून काठावर आलेले पंच म्हणाले, पाळीपाळीनं वापरा. बाबा म्हणाले, कापून टाका. मामा म्हणाला, काप!

मोठी करवत, एकट्याची चालत नाही. रक्तानं डोळा भरलेला मामा एका टोकाला, एक हात लटकलेले बाबा दुसऱ्या. आईबहिणीवरून शिव्या देत ओढत होते, आणि ओढायचा ताल मात्र सारखा, जसे जन्मभर एकाच कामावर असावेत. पलीकडच्या काठावर बाजाराची माणसं ओरडत होती, "ओ, डोंगा लावा!" दोन तुकडे पडले तेव्हा कुठं दोघांच्या ध्यानात आलं, अर्ध्या डोंग्यात पाणी शिरतं. पण माघार कोण घेणार? एक अर्धा मामानं नेला, एक आमच्या गोठ्यात आला. मायचं माहेर त्या दिवशी तुटलं.

मग माझं लग्न झालं, लेकरं झाली, नदीवर पूल झाला. सासरहून, तामसीहून, बसनं मी मायकडं यायची. माय डावखोरी. डाव्या हातानं वाढलं की म्हातारपणीही बाबा तिच्या मनगटावर काठी मारायचे. एकदा मी गव्हाण राखेनं घासायला बसले. आतून वाकसाचे, लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव दिसले, सगळे एकाच अंगाला तिरपे. शेजारी आज्यानं, म्हणजे बाबांच्या बापानं, घडवलेला नांगर टांगलेला. त्याच्यावरचे घाव उलट्या अंगाला. मी घासायची थांबले.

दुसऱ्याच दिवशी मामाकडं गेले. त्याच्या अर्ध्यात कोंबड्या बसायच्या. घाव तसेच, तिरपे. मामा सांगू लागला, "वादळानं पडलेलं झाड होतं. खोडाच्या पोटात गवऱ्यांचा विस्तव ठेवायचा, काठ जळू नये म्हणून वल्ली फडकी टाकायची, जळलं तेवढं वाकसानं खरवडायचं. एकदा जाळ उसळला न् बापाचा पंजा भाजला. उजवा. त्याले काय, काम तो डाव्यानंच करे."

आढ्यातून त्यानं वाकस काढून दिला. दांड्यावर अंगठ्याची जागा झिजून खोलगट झालेली. उजव्या हातात धरला, बसेना. डाव्यात धरला, माझा अंगठा त्या जागी बरोबर जाऊन बसला.

तोच वाकस मी बाबांपुढं धरला. "धरून पाहा."

त्यांनी उजव्या हातात धरला. बोटं वळवून पाहिली, फिरवून पाहिला. मग भिंतीवर असा फेकला की पोपडा खाली आला. "तूनंच शिकवलं हिले!" म्हणत मायवर काठी उगारली.

मायनं काठी वरच्या वर धरली. डाव्या हातानं. ओढून घेतली आणि टाकून दिली. मग बैल सोडून बाहेर बांधले, कुऱ्हाड उचलली आणि गव्हाणीवर घातली. एक घाव, दुसरा घाव. ढलपे उडाले, एक बाबांच्या भुवईला लागून रक्त आलं. ती थांबली नाही.

"अवं, बैल खातीन कशात? काऊन तोडून राह्यली?"

"माया बापाचा डोंगा हाय. तोडीन नाहीतर ठेवीन."

बाबा भुवईवर हात दाबून उंबऱ्यात बसले. या वेळी त्यांनी नाही म्हटलं नाही.

त्या लाकडावर मायनं पाणी तापवलं, डोकं धुतलं, नवं लुगडं नेसली. "चाल," मला म्हणाली, "मले पुलापलीकडं नेऊन दे." वाकस तिनं पदरात गुंडाळून घेतला.